कर्करोगोपचारोत्तर स्त्रीप्रजननक्षमतेचे मापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कर्करोगोपचारांचा इतिहास सामान्यतः रुग्ण किती वर्षे जगला या निकषावर लिहिला जातो. वाचलेल्या स्त्रीला पुढे मूल होऊ शकेल काय, हा प्रश्न त्यात दीर्घकाळ दुय्यम राहिला. हे ठरविण्याचे निकष कसे बदलत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१९५६ मध्ये अमेरिकेत मिन चिऊ ली व रॉय हर्ट्झ यांनी कोरिओकार्सिनोमा या वारेच्या पेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगावर मेथोट्रेक्सेट यशस्वीपणे वापरले. (ही फॉलिक आम्लविरोधी औषधे ज्यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झाली ते यल्लाप्रगडा सुब्बाराव भारतीय होते, याचे स्मरण येथे अप्रस्तुत ठरू नये.) गर्भाशय न काढता बऱ्या झालेल्या काही स्त्रिया पुढे माता झाल्या. येथे प्रत्यक्ष अपत्यजन्म हाच पुरावा होता.

१९७० मध्ये व्हिन्सेंट डीव्हिटा व सहकाऱ्यांनी हॉजकिनच्या आजारावरील चार औषधांच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी प्रोकार्बाझिनसारखी औषधे अंडाशयास घातक होती. उपचारानंतर पाळी पूर्ववत झाली की प्रजननक्षमता शाबूत आहे, असे सर्रास मानले जाई. हा निकष फसवा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अंडाशयातील बीजपुटकांचा साठा मर्यादित असतो. औषधे व किरणोत्सर्ग तो घटवितात, परंतु उरलेल्या साठ्यावर पाळी काही वर्षे नियमित चालू राहू शकते. रक्तातील एफएसएच संप्रेरकही साठा बराच घटल्यावरच स्पष्टपणे वाढते. परिणामी आश्वस्त झालेल्या स्त्रीची मोलाची वर्षे प्रतीक्षेत निघून जात.

२००३ मध्ये एडिंबरो येथील संशोधकांनी बालपणी कर्करोगोपचार झालेल्या तरुणींची तपासणी केली. पाळी नियमित असूनही त्यांच्या रक्तातील अँटी-म्युलेरियन संप्रेरक कमी व अंडाशय लहान आढळले. साठ्याची घट पाळी थांबण्यापूर्वी ओळखता येते, हे त्यातून दिसले. मात्र हे संप्रेरक साठ्याचा अंदाज देते, गर्भधारणेची ग्वाही देत नाही. त्याची पातळी कमी असतानाही गर्भ राहू शकतो.

२००४ मध्ये बेल्जियममध्ये जाक दोने यांच्या रुग्णेस कन्या झाली. तिच्या अंडाशयाच्या ऊती १९९७ मध्ये, केमोथेरपीपूर्वी, गोठवून ठेवल्या होत्या. तथापि बीज पुनर्रोपित ऊतींतील की मूळ अंडाशयातील, यावर वाद झाला. म्हणजे अपत्यजन्म हा जुना पुरावाही येथे निर्विवाद उरला नाही. २००६ मध्ये अमेरिकन कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने उपचारापूर्वीच याविषयी रुग्णाशी चर्चा करण्याची शिफारस केली.