सामासिक ग्रामनामांचा उच्चार

शिरगाव, मुळगाव, पिळगाव ही डिचोली तालुक्यातील नावे आपण सहज उच्चारतो. परंतु त्यांच्या पोटी एक नियम आहे. सामासिक शब्दाचे पहिले पद अकारान्त असले, की सांध्यावरील 'अ' मराठी उच्चारात बहुधा लोपतो. देवघर हे 'देव्-घर', तसे शिरगाव हे 'शिर्-गाव'. देवनागरी लेखनात हा लोप दिसत नाही. मोडीतही तो दाखवीत नसत. नाव वाचकाच्या कानी आधीच असे, म्हणून अडत नसे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोली आणि १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीज अमलाखाली आले. पुढे ही नावे रोमन लिपीत बांधली गेली. शिरगावच्या सांध्यात 'इ' शिरून कागदोपत्री 'सिरिगाव' झाले. 'पेडणें'मधील 'ड'च्या जागी 'र' आला आणि अनुस्वारासाठी शेवटी 'एम' हे अक्षर. पोर्तुगीजमध्ये शब्दान्तीचे हे अक्षर स्वराचे अनुनासिकत्व तेवढे दर्शविते. इंग्रजी वळणाने वाचणारा मात्र 'पेर्नेम' म्हणतो.

१९६१ च्या मुक्तीनंतर देवनागरी पाट्या लागल्या, तरी रोमन रूपे टिकून राहिली. शासकीय सेवेत असताना रोमन यादीवरून मी एकदा असेच गावाचे नाव पुकारले. त्या गावचे वृद्ध गृहस्थ समोर असूनही उठले नाहीत. त्यांना ते आपले गाव वाटलेच नव्हते.

नातवंडांना गावाचे नाव लिहून देण्याआधी एकदा मोठ्याने म्हणून दाखवावे. शब्दाचा सांधा कानानेच कळतो.