युवक-वक्फ, जिझान

तरुणांचे शिक्षण, वसतिगृहे, कुराण-पाठांतराचे वर्ग, विवाहसाहाय्य, खेळ इत्यादींसाठी कायम राखलेली धर्मादाय मालमत्ता. जिझान (जाझान) हा सौदी अरेबियाचा येमेन सीमेलगतचा नैर्ऋत्य प्रांत. लोकसंख्या सुमारे १४ लाख. २०२२च्या जनगणनेनुसार सौदी नागरिकांपैकी सु. ६३ टक्के तिशीच्या आतले आहेत.

स्वरूप : वक्फ केलेली मूळ मालमत्ता विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटली जात नाही, खर्चायचे ते केवळ उत्पन्न. आधार खैबरच्या जमिनीसंबंधी उमर (पुढे दुसरे खलिफा) यांना पैगंबरांनी दिलेल्या सल्ल्याचा. जकातीची (सक्तीच्या इस्लामी दानाची) रक्कम ठरलेल्या आठ वर्गांवर खर्च होते; वक्फाचा हेतू मात्र दाता स्वतः ठरवतो, त्यामुळे युवककार्याला तो अधिक सोयीचा. जमीन, दुकाने व भाड्याच्या इमारती हे नेहमीचे प्रकार. रोख रकमेच्या वक्फाबाबत मतभेद : किनारी तिहामात रूढ असलेल्या शाफिई परंपरेचा कल विरोधी, तर मालिकी व काही हनफी आचार्य अनुकूल. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००४ साली मस्कत येथील अधिवेशनात तो ग्राह्य मानला. आजच्या वर्गणीवजा निधींना या निर्णयाचा मोठा आधार आहे.

इतिहास : जिझानमधील इद्रिसी अमिरात १९३०मध्ये सौदी राज्यात विलीन झाली, १९३४च्या ताइफ तहाने सीमा ठरली. तरुणांसाठीच्या संघटित कार्याची उत्तम नोंद प्रांतातील सामता या गावाची आहे. मध्य अरेबियातील नज्दमधल्या उनैझाचे शेख अब्दुल्ला अल-करआवी यांचे काही शिक्षण दिल्लीच्या रहमानिया मदरशात झाले. १९३९च्या सुमारास ते सामत्याला आले, दुकान थाटले आणि तिथेच मुलांना शिकवू लागले. पुढे त्यांच्या शाळा गावोगाव पसरल्या. सरकारी साहाय्यही मिळाले. त्यांचा सर्वांत नावाजलेला शिष्य हाफिज अल-हकमी (१९२४–५८) हा मेंढ्या राखणारा मुलगा. एकोणिसाव्या वर्षी त्याने धर्मशास्त्रावर पद्यग्रंथ रचला, तिशीत सामत्याच्या विद्यासंस्थेचा प्रमुख झाला, पस्तिशीच्या आसपास मक्केत वारला. सरकारी शाळा वाढल्या तशा करआवींच्या शाळा मागे पडल्या. एका माणसाच्या उमेदीवर आणि वार्षिक अनुदानावर चालणारे काम व मूळ धनावर चालणारे काम यांतला फरक पाहू इच्छिणाऱ्याने हा इतिहास वाचावा.

कायदा व प्रशासन : वक्फांचा कारभार १९६१पासून हज व वक्फ मंत्रालय, १९९३पासून इस्लामी व्यवहार मंत्रालय, नंतर स्वतंत्र वक्फ प्राधिकरण, त्याचे नियम २०१६चे. ज्या वक्फाला नाझिर (व्यवस्थापक, आपल्याकडील मुतवल्ली) नाही, त्याची देखरेख प्राधिकरणाकडे जाते. ‘व्हिजन २०३०’ने (२०१६) ना-नफा क्षेत्राचा देशाच्या उत्पन्नातील वाटा एक टक्क्याहून कमी होता तो पाच टक्क्यांवर, आणि स्वयंसेवकांची संख्या ११ हजारांवरून दहा लाखांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. भांडवल बाजार प्राधिकरणाच्या मंजुरीने सार्वजनिक वक्फ-गुंतवणूक निधीही निघू लागले : लोक युनिट घेतात, युनिट वक्फ होते, नफा ठरलेल्या संस्थेला जातो. सौदी विद्यापीठांपैकी रियाधच्या किंग सौद विद्यापीठाचा वक्फ-प्रकल्प सर्वांत गाजलेला. जिझान विद्यापीठ त्यामानाने नवे, स्थापना २००६ची.

तुलना : महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू असून देखरेख धर्मादाय आयुक्तांची, मुस्लिम वक्फांसाठी वेगळा कायदा (१९९५). सौदी भूमीवरील वक्फाशी मराठी मुलखाचा जुना संबंध मक्केतील हैदराबादी रुबातींमुळे (यात्रीनिवासांमुळे) आहे : पूर्वीच्या निजामी संस्थानाच्या हद्दीतील, म्हणजे मराठवाड्यातीलही, हाजींसाठी तिथे विनाभाडे निवासाची तरतूद आहे. तरुणांशी तिचा संबंध नाही. मात्र दाता, त्याचे राज्य आणि त्या राज्याच्या सीमा जाऊनही तरतूद लाभार्थी जुन्याच सीमांनी ओळखते, हे अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगे.

 

क्रीडा : तरुणांच्या खेळांसाठी जिझान शहरात अल-तुहामी, सामत्यात हित्तीन हे क्लब, क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत.