रेडिएटरच्या दुरुस्तीचा ऱ्हास

इंधन जळून इंजिनात निर्माण होणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग गाडी ओढण्याच्या कामी येत नाही. तो बाहेर टाकला गेला नाही तर इंजिन जाम होते. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवले जाते आणि ते तापलेले पाणी वाऱ्यावर निववणाऱ्या नळ्यांच्या जाळीला रेडिएटर म्हणतात. कार्ल बेंझ यांच्या 1886 च्या तीनचाकीत अशी जाळी नव्हती. पाणी उकळून वाफेवाटे उडून जाई आणि वाटेत पुनःपुन्हा भरावे लागे. विल्हेल्म मायबाख यांनी 1900 मध्ये 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीझसाठी मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी जाळी तयार केली. तिच्यात 6 मिलिमीटर बाजूच्या 8,070 चौकोनी आखूड नळ्या होत्या. नळ्यांतून हवा वाही व त्यांच्यामधल्या फटींतून पाणी, त्यामुळे सुमारे 18 लिटरऐवजी 9 लिटर पाण्यात भागू लागले.

पुढे या जाळीची जागा चपट्या उभ्या नळ्यांनी घेतली, तरी तांबे-पितळ आणि डाग, म्हणजे कथील-शिशाच्या मिश्रणाने दिलेला जोड, ही मूळ घडण अनेक दशके टिकली. गळका रेडिएटर टाकून देण्याची कल्पनाच त्या काळी कुणाला रुचली नसती. कारागीर त्याची तोंडे बंद करून, आत हवा भरून तो हौदात बुडवी, बुडबुडे येतील तिथे खूण करी, मग जागा घासून, जस्त विरघळवलेले आम्ल लावून डाग देई. जड पाण्यातल्या क्षारांनी नळ्या चोंदल्या असतील तर वरच्या टाकीचा डाग सोडवून ती उतरवली जाई व प्रत्येक नळीतून पातळ पट्टी फिरवली जाई. कुर्ल्यात 1964 पासून तयार होणाऱ्या फियाट 1100 डी या गाडीच्या, म्हणजे पुढच्या पद्मिनीच्या, काळात मुंबईच्या टॅक्सींचा भार अशाच कारागिरांवर होता.

युरोपात 1970 च्या दशकापासून ॲल्युमिनियमची जाळी आणि तिच्यावर रबरी पट्टी घालून दुमडून बसवलेल्या प्लास्टिकच्या टाक्या रुळल्या. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर तत्काळ धरतो, म्हणून साधा डाग त्याला चिकटत नाही. तडकलेल्या प्लास्टिकवर तर तो देताच येत नाही. दुरुस्तीचा मार्ग असा खुंटल्यावर बदलणे तेवढे उरले, आणि इंजिन निवल्यावर कुलंट काढणे, होसपाइप व पंख्याच्या जोडण्या सोडवणे, नवा रेडिएटर बसवून आतली हवा काढणे इतकेच काम असल्याने ते पाने हाताळता येणाऱ्या मालकाच्या आवाक्यात आले. घरच्या या कामाला स्वावलंबन म्हणण्याची रीत आहे, पण त्यासाठी लागणारे कसब डाग देण्याच्या कसबापेक्षा पुष्कळ कमी आहे. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर मात्र भंगारात आजही ॲल्युमिनियमपेक्षा चढ्या भावाने जातो.