सचिन हे नाव आपल्याकडे आलं कुठून?

मागच्या महिन्यात बोरिवलीला आमच्या सोसायटीत एक बारसं झालं. आईबाप दोघेही बुद्धिबळवेडे, त्यांनी मुलाचं नाव ठेवलं गुकेश. चेन्नईचा हा पोरगा डिसेंबर २०२४ मध्ये १८व्या वर्षी जगज्जेता झाला आणि पुढच्याच महिन्यात त्याला खेलरत्न मिळालं. घुगऱ्या खाता खाता शेजारचे काका म्हणाले, "अरे, आपली मराठी नावं संपली काय? मद्रासी नाव कशाला?"

काकांच्या स्वतःच्या मुलाचं नाव सचिन.

म्हणून जरा इतिहास सांगतो. रमेश तेंडुलकर कीर्ती कॉलेजात मराठी शिकवायचे आणि कविता लिहायचे. कुटुंब राहायचं वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात. लेखकांची वसाहत ती, पुढे ज्ञानपीठ मिळालेले विंदा करंदीकरही तिथलेच. म्हणजे मराठी नावांचा तुटवडा असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी २४ एप्रिल १९७३ ला धाकटा मुलगा झाला, तेव्हा प्राध्यापकांनी त्याला नाव दिलं आपल्या आवडत्या संगीतकाराचं, सचिन देव बर्मन यांचं.

बर्मनदा मूळचे त्रिपुराच्या राजघराण्यातले. जन्म १९०६ चा, आज बांगलादेशात असलेल्या कोमिल्ल्याचा. बंगालीत त्यांचं नाव शचीन. शची म्हणजे इंद्राणी, तिचा पती तो शचींद्र, आणि त्याचं सुटसुटीत रूप शचीन. १९४४ मध्ये ते मुंबईला आले, गोरेगावच्या फिल्मिस्तानमधून त्यांनी हिंदी सिनेमात बस्तान बसवलं आणि इथे त्या 'श'चा 'स' झाला. तेंडुलकरांच्या घरी बाळ आलं तेव्हा बर्मनदा राहत होते खारला. वांद्र्याच्या पुढचंच स्टेशन!

आता पुरस्कारांचं बघा. बर्मनदांना संगीत नाटक अकादमी १९५८ ला मिळाली, पद्मश्री १९६९ ला. पण ज्या 'गाईड'च्या गाण्यांनी लोक आजही हळवे होतात, त्याला संगीताचं फिल्मफेअर मिळालं नाही. ते त्या वर्षी शंकर-जयकिशनच्या 'सूरज'ला गेलं. 'आराधना'च्या संगीताचंही हुकलं. 'अभिमान'ला मिळालं, पण तोवर तेंडुलकरांचा सचिन चालायला लागला असेल. तेव्हा बक्षिसांची यादी समोर ठेवून कुणी नाव ठेवलं असेल असं मला वाटत नाही. रेडिओवर रोज काय लागतं आणि घरात काय गुणगुणलं जातं, त्यावरून ते ठरलं. गंमत म्हणजे ज्याचं नाव घेतलं त्याला पद्मश्री, आणि ज्याला दिलं त्याला २०१४ मध्ये भारतरत्न.

गावसकरांचं उदाहरण तर याहून भारी. सुनीलला फेब्रुवारी १९७६ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव रोहन जयविश्व. रोहन हे वेस्ट इंडिजच्या रोहन कन्हायवरून, जय हैदराबादच्या जयसिंहांवरून आणि विश्व कर्नाटकच्या गुंडाप्पा विश्वनाथवरून. (विश्वनाथ पुढे सुनीलचा मेहुणा झाला, ते वेगळं.) कन्हाय गयानाचा, उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून गेलेल्या हिंदुस्थानी मजुरांच्या वंशातला. १९५८-५९ च्या दौऱ्यात ईडन गार्डनवर त्याने आपल्याच गोलंदाजांना झोडून २५६ काढले होते. कुठून तरी बोटीत बसून गेलेल्या माणसांचं एक नाव क्रिकेटच्या वाटेने गावसकरांच्या घरी पोहोचलं. आणि हा रोहन मोठा होऊन रणजी खेळला कुणाकडून? बंगालकडून.

एक सावधगिरी मात्र हवी. माणूस गाजला की आपण त्याच्या नावाची गोष्टही रचतो. न्यूझीलंडचा रचिन रवींद्र २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये चमकला आणि राहुलचा 'रा', सचिनचा 'चिन' हे प्रत्येकाच्या फोनवर फिरलं. त्याच्या वडिलांनी नंतर सांगितलं की नाव कानाला बरं वाटलं आणि छोटं होतं म्हणून ठेवलं, हा मेळ पुढे काही वर्षांनी लक्षात आला.

तसंच प्रत्येक सचिन काही तेंडुलकरवरून नाही. मी १९८५ ला दहावी झालो, आमच्या वर्गात तीन सचिन होते. हजेरी घेताना बाई आडनावच पुकारायच्या. तेव्हा तेंडुलकर १२ वर्षांचा होता, त्याला कोण ओळखणार? पिळगावकरांचा सचिन १९५७ चा, खेडेकरांचा १९६५ चा. आमच्या काकांचा १९७१ चा. त्यांना नंतर जिन्यात गाठून विचारलं, तर हसून म्हणाले, "आराधना चार वेळा पाहिला होता रे, आणि तुझ्या काकूला पण ती गाणी आवडायची." मग बर्मन बंगालकडचे होते, हे तेव्हा कुणी बोललं नाही का? "कशाला बोलेल? गाणी आपलीच होती ना!"

मी पुढे गुकेशचा विषय काढला नाही. त्यांचा त्यांनाच लागला असावा.

एक गोष्ट मात्र मला खटकते. वरची सगळी नावं मुलग्यांची आहेत. लतादीदींचं पाळण्यातलं नाव हेमा. पुढे लता झालं ते वडिलांच्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून, म्हणजे तिथेही नाव आलं ते नाटकातल्या पात्राचं. कर्तबगार बाईचं नाव कौतुकाने मुलीला दिलेलं घर मी तरी फार पाहिलं नाही. नट्यांची नावं ठेवलीत, पण धावपटू, शास्त्रज्ञ, लेखिका? अंधेरी ते बोरिवली, मुलुंड ते घाटकोपर, कुणाच्या घरी असेल तर सांगा. मुलीचं नाव, कुणावरून ठेवलं, आणि ते सुचवलं कुणी, आईने की बापाने?