कानापासून सुरू झालेली गोष्ट

मंडळी, 'कायरोप्रॅक्टिक' हा शब्द एव्हाना तुमच्या ओळखीचा झाला असेल. मान धरायची, कट्‌कन वळवायची, कड्‌ असा आवाज, आणि पेशंटच्या चेहऱ्यावर मोक्ष मिळाल्याचे भाव... असले व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर फिरतच असतात. दिवसभर खुर्चीत बसून पाठीचं वाटोळं करून घेणारे आपण त्यांचे हक्काचे प्रेक्षक :) पण त्यात आता अजून एक प्रश्न आलाय. सत्तरीच्या आईबाबांचा चालताना तोल जातो, त्यावर याचा उपयोग होतो का? या वीकांताला त्याचाच इतिहास बघू. गंमत म्हणजे तो सुरूच होतो कानापासून.

साल १८९५. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं डेव्हनपोर्ट गाव. तिथे डॅनियल डेव्हिड पामर नावाचे एक गृहस्थ 'चुंबकीय उपचार' करायचे. जन्म कॅनडातला. त्याआधी मास्तरकी, मधमाश्या पाळणं, किराणा दुकान असे उद्योग करून झालेले. त्यांच्या इमारतीत हार्वी लिलार्ड नावाचा सफाई कामगार होता, त्याला सतरा वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. पामरसाहेबांनी त्याच्या पाठीचा एक मणका दाबून जागेवर बसवला आणि लिलार्डला ऐकू यायला लागलं, असा त्यांचा दावा. लिलार्डच्या मुलीनं पुढे सांगितलेली हकीकत मात्र वेगळी आहे. ती म्हणते, पामरनी गप्पांच्या भरात वडिलांच्या पाठीवर पुस्तकाचा फटका मारला आणि मग काही दिवसांनी त्यांना जरा बरं ऐकू यायला लागलं.

खरं काय ते आता कळणं शक्य नाही. कानाची नस कवटीच्या आतूनच मेंदूकडे जाते, पाठीच्या मणक्यातून नाही, हा आक्षेप तर आहेच. पण आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही भानगड म्हणजे एकच युजर, एकच रन आणि लॉग गायब! त्यावरून पामरनी सिद्धांत मांडला की बहुतेक सगळे आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. मणके बसवणारे हाडवैद्य जगभर आधीपासून होतेच, आपल्याकडेही होते. पामरनी त्याला ग्रीक नाव दिलं, १८९७ मध्ये शाळा काढली आणि त्याचा व्यवसाय झाला.

आता त्याच काळात युरोपात जाऊ. कान फक्त ऐकण्यासाठी नसतो, हे तिथे हळूहळू कळत होतं. पॅरिसमध्ये फ्लूरांस यांनी १८२० च्या दशकात कबुतरांच्या आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या कापून बघितल्या, तर कबुतरांचा तोलच गेला. पुढे व्हिएन्नात रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आलं की कानात गार पाणी सोडलं की डोळे एका दिशेला झटके देतात, कोमट सोडलं की उलट दिशेला. या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. बातमी कळली तेव्हा ते रशियनांच्या ताब्यात युद्धकैदी होते! मुख्य मुद्दा असा, की बारानींचा प्रयोग कुठल्याही गावातला कुठलाही डॉक्टर परत करून बघू शकत होता. पामरचा लिलार्ड परत कुणाला सापडला नाही.

मग पुढची शंभर वर्षं कायरोप्रॅक्टिकवाले काय करत होते? तर भांडत होते. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून खुद्द पामर तुरुंगात जाऊन आले. १९१३ मध्ये कॅन्ससनं कायद्यानं मान्यता दिली, शेवटचं राज्य लुइझियाना, तिथे १९७४ उजाडलं. १९७२ च्या कायद्यानं ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, मणक्यावरचा हा उपचार आला. इकडे अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९६३ मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमून यांना संपवायचा चंग बांधला होता. १९७६ मध्ये चेस्टर विल्क आणि काही कायरोप्रॅक्टर कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये जिंकले. डॉक्टरांचा बहिष्कार बेकायदा ठरला. पण न्यायाधीश सुसान गेट्झेनडॅनर यांनी हेही बजावलं, की हा निकाल म्हणजे कायरोप्रॅक्टिकला कोर्टाची पावती समजू नये.

मला इथेच खरी मेख दिसते. धंदा करायचा हक्क कोर्ट देऊ शकतं, विमा पैसे देऊ शकतो. उपचार लागू पडतो का, हे दोघंही सांगू शकत नाहीत. त्यासाठी तुलनाच करावी लागते.

तशी तुलना म्हाताऱ्यांच्या तोलाबाबत झाली, पण फार उशिरा. २०१६ मध्ये न्यूझीलंडमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साठ ज्येष्ठ नागरिक, बारा आठवडे. निम्म्यांना कायरोप्रॅक्टिक, बाकीच्यांचं नेहमीचं सुरू. पहिल्या गटात पाऊल उचलून टाकण्याची चपळाई वाढली, घोटा कुठल्या कोनात आहे याची जाणीवही किंचित सुधारली. हे अगदीच अशक्य नाही, कारण तोल एकट्या कानावर नसतो. डोळे, तळपाय, सांधे, मानेचे स्नायू, सगळे मेंदूला खबर देत असतात. पण दुसऱ्या गटाला लुटुपुटीचा उपचारसुद्धा दिलेला नव्हता. म्हणजे मणक्याचा गुण किती आणि कुणीतरी आस्थेनं हात लावल्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. आणि माणसं प्रत्यक्षात कमी पडली का, हे ठरवायला साठ माणसं नि बारा आठवडे पुरत नाहीत.

याउलट व्यायामाचं बघा. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात १०८ प्रयोग आणि २३ हजारांवर माणसं होती. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालं. आणि व्यायाम तरी कसले? तोल सांभाळायचे, खुर्चीतून उठायचे-बसायचे, पायात ताकद आणायचे. व्हिडिओ करण्यासारखं त्यात काहीच नाही, कड्‌ आवाजही नाही.

तेव्हा आईबाबांचा तोल जात असेल तर आधी डॉक्टरांकडून कान, डोळे, रक्तदाब आणि चालू असलेल्या गोळ्या तपासून घ्या, मग चांगल्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. हाडं ठिसूळ झाली असतील तर मणक्यांवर झटके नकोतच. मानेच्या झटक्यानंतर रक्तवाहिनीला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या क्वचित घटनाही नोंदलेल्या आहेत. एवढं सांगूनही कुणी नवा उपचार गळ्यात मारायला आलंच, तर त्याला एकच विचारा: "कितीजणांवर करून बघितलं, आणि तुलना कुणाशी केली?" १८९५ मध्ये डेव्हनपोर्टला हे कुणी विचारलं नव्हतं.