दूरस्थ तंत्रसाहाय्य : स्वतःच्या सर्व्हरवरील सशुल्क प्रणालीचे लाभ

दुसऱ्या ठिकाणच्या संगणकाचा पडदा आपल्या संगणकावर पाहून तो दुरूनच हाताळण्याची सोय देणाऱ्या सॉफ्टवेअरला रिमोट डेस्कटॉप असे म्हणतात. १९९८ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका संशोधन प्रयोगशाळेने व्हीएनसी ही अशी प्रणाली विनामूल्य खुली केली. आज अनेक शहरांत शाखा असलेल्या संस्थांचे तंत्रज्ञ एका जागी बसून दूरच्या कर्मचाऱ्यांच्या अडचणी याच मार्गाने सोडवितात.

मध्यस्थ सर्व्हर कोणाचा?

तंत्रज्ञ आणि कर्मचारी यांचे संगणक बहुधा एका मध्यस्थ सर्व्हरच्या साहाय्याने जोडले जातात. थेट जोडणी शक्य नसल्यास पडद्यावरील माहितीही त्याच सर्व्हरमार्फत पुढे जाते. प्रचलित सेवांमध्ये हा सर्व्हर विक्रेत्या कंपनीचा असतो, तर स्वयंव्यवस्थापित प्रणालीत तो संस्थेच्या स्वतःच्या ताब्यात राहतो. त्यामुळे इंटरनेटपासून अलिप्त ठेवलेल्या अंतर्गत नेटवर्कमध्येही साहाय्य देता येते.

शुल्क कशासाठी?

रस्टडेस्क या प्रणालीचा मूळ सर्व्हर विनामूल्य आहे. तिच्या सशुल्क आवृत्तीत मात्र सर्व यंत्रांचे एकत्रित व्यवस्थापन, कोणी कोणता संगणक हाताळावा याचे नियम, द्विस्तरीय पडताळणी आणि जोडण्यांच्या नोंदी या सुविधा मिळतात. परवान्याचे मूल्य वापरकर्ते व यंत्रे यांच्या संख्येनुसार ठरते. भारतात या नोंदींना विशेष महत्त्व आहे. सर्ट-इन या शासकीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करणे आणि सायबर सुरक्षेच्या घटना ६ तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे. कोणत्या तंत्रज्ञाने कोणता संगणक केव्हा उघडला, याची नोंद हाताशी असल्यास चौकशी सुकर होते.

जबाबदारीही स्वतःचीच

फेब्रुवारी २०२४ मधील दोन घटनांनी या विषयाच्या दोन्ही बाजू दाखवून दिल्या. एनीडेस्क कंपनीने आपल्या सर्व्हर यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले, तेव्हा विक्रेत्यावर विसंबून राहण्यातील धोका स्पष्ट झाला. त्याच महिन्यात स्क्रीनकनेक्ट या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्डाविना प्रवेश देणारा गंभीर दोष आढळला. कंपनीने आपल्याकडील क्लाउड सर्व्हर स्वतः दुरुस्त केले. परंतु ज्या संस्थांनी ते सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसविले होते, त्यांना सुधारित आवृत्ती स्वतःच बसवावी लागली. विलंब झालेले सर्व्हर हल्लेखोरांना खुले राहिले.

म्हणूनच परवाना घेण्यापूर्वी सर्व्हरची देखभाल, वेळच्या वेळी सुधारणा आणि बॅकअप यांसाठी जबाबदार व्यक्ती नेमणे आवश्यक ठरते. असे मनुष्यबळ असलेल्या संस्थेला ही प्रणाली माहितीवरील पूर्ण ताबा मिळवून देते. ते नसल्यास विक्रेत्याची सेवाच अधिक सुरक्षित ठरू शकते.