मुक्तीतल्या आज्या

केडगावच्या मुक्ती मिशनची गोष्ट आपण पंडिता रमाबाईंपासून सुरू करतो आणि बहुतेक वेळा त्यांच्यापाशीच संपवतो. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं दौंड तालुक्यातली ही संस्था चालू आहे. ती चालवली तिथे येऊन राहिलेल्या, राहून म्हाताऱ्या झालेल्या बायकांनी. त्यातल्या काही समुद्रापलीकडून आल्या, बऱ्याचशा दुष्काळातून आल्या. मुक्तीची वाटचाल या आज्यांच्या बाजूनं सांगायला हवी असं मला फार दिवस वाटत आलं आहे.

आरंभ केडगावात नाही, मुंबईत आहे. 11 मार्च 1889 रोजी रमाबाईंनी चौपाटीजवळ शारदा सदन ही विधवांची आणि मुलींची शाळा काढली. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या बाया कर्वे झाल्या. दुसऱ्याच वर्षी सदन पुण्याला आलं. सदनाला अमेरिकेतल्या एका मंडळानं मदत कबूल केली होती ती दहा वर्षांपुरती. पुढे काय, या काळजीपोटी रमाबाईंनी पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तिथे फळबाग करायची, तिच्या उत्पन्नावर पुण्यातलं सदन चालवायचं, एवढाच बेत होता.

दुष्काळानं तो बेत बदलला. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात माणसं अन्नान्न करून मरत होती. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण याआधी अशाच दुष्काळात एकामागून एक गेलेले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुली, तरुण विधवा गोळा करून घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला. शहरात आणखी माणसं ठेवायला बंदी झाली, म्हणून या सगळ्यांना केडगावच्या माळावर छपरं घालून ठेवावं लागलं. बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर गाव वसलं ते असं. लगेच गुजरात-राजपुतान्यात दुष्काळ पडला आणि तिकडूनही मुली आल्या. 1900 च्या सुमारास मुक्तीत दीड हजार माणसं आणि शंभरावर गुरं होती. या मेळ्यात मुलगेही होते. त्यांच्यासाठी दौंडला आल्बर्ट नॉर्टन या अमेरिकन मिशनऱ्यानं वसतिगृह चालवलं.

मध्य प्रांतातून किंवा काठेवाडाकडून आलेली आठ-दहा वर्षांची पोर भीमथडीच्या माळावर उतरते तेव्हा तिला काय कळत असेल? तिची भाषा इथं कुणाची नाही. भाकरी बाजरीची. पाणी विहिरीचं, तेही पुरवून वापरायचं. मागे परत जाण्याजोगं कुणी उरलेलं नाही. स्थलांतरित म्हटलं की आपल्याला बोटीतून उतरणारा गोरा माणूस दिसतो. मला आधी या मुली दिसतात. त्यांच्याकडे ना पासपोर्ट, ना सामानाची पेटी, ना घरून येणारी पत्रं. मुक्तीत त्यांना मराठी आली, आणि त्याच मराठीत त्या पुढे दळताना बोलल्या, भांडल्या, आजारपणात कण्हल्या.

समुद्रापलीकडून आलेल्यांमध्ये ठळक नाव मिनी अॅब्राम्सचं. मेथडिस्ट पंथाची ही अमेरिकन सेविका 1898 मध्ये मुक्तीत आली. 1905 मध्ये मुक्तीत प्रार्थनेची जी मोठी लाट उसळली, तिचा वृत्तान्त तिच्या लेखणीमुळे जगभर पोचला. 1912 मध्ये तिनं भारतातच देह ठेवला. रमाबाईंची लेक मनोरमा तिच्यासोबत ऑस्ट्रेलियालाही जाऊन आली होती. परदेशांतून पुढे ज्या बाया मुक्तीला येत राहिल्या, त्यांच्या वाटा अशा ओळखींतून तयार झाल्या होत्या. आसपासच्या गावांना त्या सगळ्या मिसबाईच. पण आतल्या रोजच्या कामात त्यांना कुणी वेगळं ठेवलं नव्हतं. धान्य मोजायचं, तापलेल्या पोरीच्या उशाशी बसायचं, हिशोब लिहायचा, आणि हे सारं मराठीतून.

मुक्तीतली कामं पाहिली तर हा आश्रम होता की कारखाना असा प्रश्न पडावा. विणकाम, तेलाचा घाणा, दुभती जनावरं, शेती, धुलाई. मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल शिकून आल्या आणि अंध मुली बोटांनी वाचू लागल्या. माझं मन मात्र छापखान्यापाशी रेंगाळतं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, आणि ते खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत असावं हा त्यांचा हट्ट होता. ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींनी. खिळे जुळवण्याचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याची मेहनत ठाऊक आहे. समोर लाकडी केस, तिच्यात लहानलहान खण, एका खणात एक अक्षर. देवनागरीत जोडाक्षरं आणि काना-मात्रा-वेलांट्या आल्या की खणांची संख्या इंग्रजीच्या कितीतरी पट होते. डाव्या हातात स्टिक, उजव्या हातानं न पाहता खिळा उचलायचा, ओळ उलटी वाचायची. छापून झालं की प्रत्येक खिळा धुऊन परत आपल्या खणात. काही वर्षांपूर्वी जिला अक्षराची ओळख नव्हती आणि मराठी तर परमुलखाचीच होती, अशा मुलीनं हे केलं. रमाबाईंच्या विद्वत्तेचं कौतुक आपण पुष्कळ केलं, कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेल्या पदव्या आपल्याला पाठ आहेत. या बोटांचं कौतुक अजून व्हायचं आहे.

24 जुलै 1921 रोजी मनोरमाबाई मिरजेला गेल्या. संस्था पुढे लेक सांभाळेल असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, भाषांतराची शेवटची मुद्रितं हातावेगळी करून रमाबाईही गेल्या. छापील ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. एवढ्या धक्क्यानं कितीतरी संस्था बसल्या असत्या. मुक्तीची जबाबदारी लिसा हेस्टी या परदेशातून आलेल्या बाईंवर आली, आणि त्यांच्या पाठीशी दुष्काळातून आलेल्या त्या मुली होत्या, ज्या आता शिक्षिका, परिचारिका, घरआया झाल्या होत्या. त्यानंतरच्या पिढीतली कॅरोल टेरी. दुसऱ्या महायुद्धात मुक्तीकडे निघालेली ही अमेरिकन तरुणी वाटेत फिलिपाइन्समध्ये जपान्यांच्या हाती सापडली. लोस बानोसच्या छावणीत अमेरिकन, ब्रिटिश, डच अशा दोन हजारांवर लोकांबरोबर ती कैदेत होती. फेब्रुवारी 1945 मध्ये सुटका झाल्यावर माणूस आपल्या घरची वाट धरील. तिनं पुढे केडगाव गाठलंच, आणि कालांतरानं संस्थेची प्रमुखही झाली.

शेजारच्या शिरूरलाही दुष्काळातली मुलं जगवण्याचं काम झालं. अमेरिकन मराठी मिशनच्या विन्सर पतिपत्नींनी तिथे शाळा आणि उद्योगशाळा चालवली. याच शिरूरात 1809 मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज फौजेतल्या अधिकाऱ्याची कबर आहे. लोक त्याला सत्पुरुष मानत आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य त्या कबरीला दाखवत, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. परक्याला आपलं म्हणण्याची या भागाची रीत जुनी आहे. म्हणूनच मुक्तीत आयुष्य काढलेल्या बायकांची नावं तालुक्याला पाठ नसावीत याचं मला वाईट वाटतं.

मुक्तीत आजीपण रक्तातून आलं नाही. मुलींचे गट करून एकेका घरआईच्या हाती सोपवायचे, लहान, मोठ्या, अंध, अपंग एकाच घरात वाढवायच्या, अशी तिथली पद्धत. घरआई थकली की तिच्याच हाताखाली वाढलेली तिची जागा घेते, आणि थकलेली तिथेच राहते. 1897 मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साठीची झाली असेल. तिनं वाढवलेल्या मुलींच्या हाताखाली तोवर आणखी मुली वाढलेल्या. तीन पिढ्या एका आवारात, आणि जन्माचं नातं एकाचंही नाही. धर्मांतरावरून रमाबाईंवर त्या काळी झालेली टीका मला माहीत आहे, 1893 नंतर पुण्यातल्या सुधारकांनीही शारदा सदनाकडे पाठ फिरवली. तो वाद जरूर व्हावा. पण एखाद्या म्हातारीला शेवटपर्यंत आपली माणसं मिळाली की नाही, हेही संस्थेकडे पाहताना विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर मुक्तीनं दिलेलं आहे.

मुक्तीतल्या अनेक मुलींची लग्नं झाली, त्यांचे संसार ठिकठिकाणी पसरले. तेव्हा पुणे-नगर जिल्ह्यांतल्या, आणि त्यापलीकडच्याही, कितीतरी घरांत एखादी पणजी केडगावची असणार. मुक्तीच्या जुन्या वार्तापत्रांत अशा मुलींची छायाचित्रं आहेत, दुष्काळातून आल्या तेव्हाची आणि काही महिन्यांनी अंगावर मांस धरल्यानंतरची. घरात तिच्याबद्दल जे बोललं जातं ते वह्यांत उतरवून घ्यायला हवं : ती कुठल्या मुलखातून आली, कुणी आणलं, लहानपणीचा कुठला शब्द तिच्या तोंडी अखेरपर्यंत राहिला, मुक्तीत तिनं काय काम केलं, तिच्या घरआईचं नाव काय. बोटीनं आलेल्यांची नावं कुठल्या ना कुठल्या दप्तरात सापडतात. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून केडगावला उतरलेल्यांची नावं नातवंडांनीच लिहायची आहेत, आणि ज्यांनी ती ऐकली ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.